होव्हरबोर्ड उडाला, झाडू मात्र खालीच

सांगलीच्या माणसाला ५ नोव्हेंबर ही तारीख पाठ करावी लागत नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी पटवर्धनांच्या दरबारात ‘सीतास्वयंवर’ उभं केलं, त्याची आठवण म्हणून हा मराठी रंगभूमी दिन. दरवर्षी या दिवशी इथं विष्णुदास भावे गौरवपदक दिलं जातं आणि आमच्या घरातलं कुणी ना कुणी जाऊन येतंच. नाटकाच्या प्रेमापोटी म्हणा, नाहीतर यंदा कोण नट आलाय ते जवळनं बघायला म्हणा.

त्यामुळे रॉबर्ट झेमेकिसचा १९८५ चा ‘बॅक टू द फ्यूचर’ बघताना डॉक ब्राऊनच्या काळात मागंपुढं नेणाऱ्या गाडीतल्या चमकत्या आकड्यांत ५ नोव्हेंबर १९५५ उमटलं, तेव्हा मामा एकदम ओरडला, “भाव्यांच्या दिवशीच निघालंय की बेणं!” अमेरिकेतलं कुठलं ते हिल व्हॅली, पोरगं तिथलं, गाडी तिथली, पण मुहूर्त आमचा. योगायोगच तो, पण त्या दिवसापासून हा सिनेमा आमच्या घरात निम्मा घरचा झाला आणि माणूस घरच्यांच्याच खोड्या जास्त काढतो. असल्या विज्ञानविनोदी सिनेमांत कुणाला पुढं उभं केलंय आणि कुणाच्या हातात झाडू दिलाय, ही माझी नेहमीची खोडी.

त्यातला एक प्रसंग मला आता गाडीपेक्षा, विजेपेक्षा आणि पुढच्या भागातल्या होव्हरबोर्डपेक्षा, म्हणजे त्या उडत्या फळीपेक्षा, जास्त लक्षात राहिलाय. तीस वर्षं मागं गेलेला मार्टी चौकातल्या लूच्या हॉटेलात शिरतो. तिथं गोल्डी विल्सन नावाचा एक काळा पोरगा कामाला आहे. टेबलं पुसायची, फरशी झाडायची. १९८५ च्या गावात हाच गोल्डी नगराध्यक्ष असतो. सिनेमाच्या सुरुवातीला त्याच्या प्रचाराची गाडी भोंगा लावून चौकातनं फिरताना दिसते, अगदी आपल्याकडं नगरपालिकेच्या निवडणुकीत फिरते तशी. मार्टीला हे ठाऊक असतं, म्हणून तो बोलून जातो की हा तर नगराध्यक्ष होणार. गोल्डीला कल्पना एकदम पटते. मालक म्हणतो, काळा नगराध्यक्ष? बघूच. गोल्डी छाती काढून सांगतो, निवडून येऊ द्या, सगळं गाव साफ करतो. मालक त्याच्या हातात झाडू ठेवतो आणि म्हणतो, मग इथल्या फरशीपासनंच कर सुरुवात.

विनोद बांधलाय झकास. झाडू वेळेवर येतो, वाक्य वेळेवर पडतं, आणि डॉनल्ड फुलिलव्ह हा नट जेमतेम मिनिटभराच्या कामात सगळ्यांच्या वर उठून दिसतो. आजही तो प्रसंग लागला की मी हसते. पण त्याच्या आधीचं एक वाक्य हशात बुडून जातं. मार्टीनं तोंड उघडण्यापूर्वीच गोल्डी सांगून मोकळा झालेला असतो की मी जन्मभर इथं राबणार नाही, रात्रशाळेत जाणार, कुणीतरी होऊन दाखवणार. म्हणजे जिद्द त्याची, रात्रशाळा त्याची, फक्त पदाचं नाव तेवढं बाहेरगावनं आलेल्या गोऱ्या पोरानं सुचवलेलं. आणि त्याच सिनेमाच्या शेवटाकडं मार्टी गिटार घेऊन चक बेरीचं गाणं वाजवतो, ते गाणं प्रत्यक्षात बाजारात यायला अजून दोनेक वर्षं असतात, तेव्हा वादकांतला मार्विन बेरी फोन उचलून चुलतभावाला ऐकवतो की तू शोधत होतास तो आवाज हा घे. काळाच्या चक्राची गंमत आहे, कबूल. पण काळ्या माणसाचं राजकारण असो की काळ्या माणसाचं संगीत, दोन्ही वेळेला किल्ली त्याच एका पोराच्या खिशात कशी सापडते? एकदा सापडली असती तर मी योगायोग म्हटलं असतं.

माझी भाची यावर म्हणते, “मावशी, तुला कुठलाच सिनेमा नुसता बघवत नाही का गं?” खरं सांगायचं तर नुसता बघण्याचं शिक्षण आमच्या पिढीला मिळालंच नाही. आम्ही हे असले सिनेमे तुकड्यातुकड्यांत, उलटेसुलटे बघितले. गणपतीत गल्लीच्या दोन खांबांना पांढरा पडदा बांधायचे. पुढं सतरंज्या, त्यांच्यावर मंडळाच्या लोकांची घरं. ज्यांना उशीर झाला किंवा ज्यांना पुढं बसायची सवयच नव्हती ते पडद्याच्या पाठीमागं. मागनंही सिनेमा दिसायचा, पण उजव्याचा डावा होऊन. १९८७ चा ‘मिस्टर इंडिया’ मी पहिल्यांदा असाच मागनं बघितला. माझ्या लेखी अनिल कपूरचं ते गायब करणारं घड्याळ कैक वर्षं भलत्याच मनगटावर होतं. श्रीदेवी चॅप्लिन होऊन आली तेव्हा पडद्याच्या दोन्ही बाजूंनी सारखाच कल्ला झाला. हिंदी सिनेमातल्या नायिकेला एवढं पोटभर विदूषक होऊ दिलेलं त्याआधी फारसं बघितलं नव्हतं आणि त्यासाठी त्या सिनेमाला मी बरंच काही माफ करते. ‘हवा हवाई’ गाण्यात तिच्या मागं नाचणाऱ्यांची तोंडं काळी रंगवलीत, ते मात्र माफ करायच्या यादीत बसत नाही. इतकी वर्षं ते गाणं गॅदरिंगला नाचलं गेलं, पण आमच्यातल्या एकाही बाईनं, बाप्यानं ‘ही तोंडं काळी का?’ असं विचारल्याचं आठवत नाही.

मग नव्वदच्या दशकात केबल आली आणि स्टार प्लसवर ‘स्मॉल वंडर’ लागायला लागलं. १९८५ ते १९८९ या काळातली अमेरिकन मालिका. टेड लॉसन नावाचा इंजिनिअर एक यंत्राची मुलगी बनवतो, विकी तिचं नाव. घरी आणतो, दत्तक घेतली म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगतो. लालपांढरा फ्रॉक, एकसुरी आवाज, सांगितलेलं शब्दशः करणारी. इंग्रजी आम्हाला निम्मं कळायचं, पण विकीचं इंग्रजी तुटक असल्यामुळे तिचं तेवढं पूर्ण कळायचं.

त्याच वेळेला आमच्याकडं अक्का धुण्याभांड्याला यायच्या. काम आवरत आलं की त्या मधल्या खोलीच्या चौकटीला टेकून, पदर खोचलेला तसाच ठेवून टीव्ही बघत उभ्या राहायच्या. आत दोन खुर्च्या रिकाम्या असायच्या, पण त्या चौकट सोडायच्या नाहीत. इंग्रजीचा त्यांना एक शब्द कळत नव्हता. तरीही त्या मालिकेतलं जे आमच्या ध्यानात आलं नाही ते त्यांनी पहिल्या चारदोन दिवसांतच धरलं. “ही पोरगी शाळंतबी जाती, आन घरातली झाडलोटबी हीच करती?” मी म्हटलं, हो. “आन रातच्याला कपाटात निजती?” विकीचं कपाट जेमीच्या, म्हणजे त्या घरातल्या मुलाच्या खोलीत असायचं. त्यात ती उभ्याउभ्या बंद. मी पुन्हा म्हटलं, हो. अक्का थोडा वेळ बघत राहिल्या. मग माझ्या वडिलांकडं वळून म्हणाल्या, “सायेब, पगार किती देत्यात ओ हिला?”

वडील हसले. ते यंत्र आहे, त्याला कसला पगार, म्हणाले.

“मंग बरं हाय त्यांचं,” अक्का म्हणाल्या आणि बादली उचलून मोरीकडं गेल्या.

विकीबद्दल नंतर मी पुष्कळ वाचलं. कुणी तिला बालपणीची गोड आठवण म्हणतं, कुणी टीव्हीवरची सगळ्यांत भिकार मालिका म्हणतं. पण पगाराचा मुद्दा मला अक्कांइतका थेट कुणी काढलेला सापडला नाही. घरातलं यंत्र कशाच्या रूपात कल्पायचं, याचं उत्तर त्या काळातल्या विनोदी विज्ञानकथांनी जवळजवळ एकमुखानं दिलंय: मोलकरणीच्या. १९६२ च्या ‘जेटसन्स’ कार्टूनमध्ये माणसं शंभर वर्षांनंतरच्या जगात, ढगांवर घरं बांधून राहतात, जॉर्जची नोकरी म्हणजे एक बटण दाबणं, आणि त्यांच्या घरी रोझी ही यंत्राची बाई, अंगावर एप्रन आणि डोक्यावर टोपी. तीही नवी परवडत नाही म्हणून भाड्यानं देणाऱ्या कंपनीचा जुना, वापरून झिजलेला नमुना घेतलेला. त्या सगळ्या ढगांतल्या गावात गोऱ्यांखेरीज कुणी राहताना मला तरी दिसलं नाही. गाड्या उडवल्या, जेवण गोळीत बसवलं, कुत्र्यासाठी पळायचा पट्टा बनवला, आणि फरशीपाशी आल्यावर कल्पनेचं पेट्रोल संपलं. ‘स्मॉल वंडर’वर बेतलेली ‘करिश्मा का करिश्मा’ ही मालिका २००३ मध्ये आपल्याकडं आली. झनक शुक्ला त्या पोरीचं काम फार गोड करायची. माझ्या आईनं दोन भाग बघितले आणि उठून गेली. तिला त्यात नवल वाटेना. सांगितलेलं निमूट करणारी, स्वतःची खोली नसलेली, पाहुणे आले की जिचं खरं नातं सांगत नाहीत अशी मुलगी घरात असणं, हे आपल्या कित्येक वाड्यांत आणि फ्लॅटांत यंत्राविना चालत आलंय. अमेरिकेनं ती जागा भरायला रोबो आणला. आमच्याकडं जागा रिकामी कधी होती?

पगारावरनं आणखी एक आठवतो, ‘घोस्टबस्टर्स’मधला विन्स्टन. १९८४ चा सिनेमा. तीन गोरे शास्त्रज्ञ भुतं पकडायचं यंत्र बनवतात, धंदा जोरात चालतो, मग निम्मा सिनेमा झाल्यावर नोकरीची जाहिरात बघून चौथा येतो, तो काळा. त्याला विचारतात, तुझा भुताखेतांवर, उडत्या तबकड्यांवर, अमक्यातमक्यावर विश्वास आहे का? तो म्हणतो, पगार वेळेवर देणार असाल तर तुम्ही म्हणाल त्याच्यावर आहे. सबंध सिनेमात मला सगळ्यांत शहाणं वाटलेलं वाक्य हेच. ते काम करणारे अर्नी हडसन यांनी पुढं सांगितलं की त्यांनी आधी वाचलेल्या पटकथेत विन्स्टनची भूमिका बरीच मोठी होती, चित्रीकरण सुरू व्हायच्या वेळी हातात आलेल्या पानांत ती आक्रसली. यंत्र पाठीवर बांधायला चौथा माणूस चालला. यंत्र बनवताना त्या खोलीत त्याची गरज भासली नाही.

आता ज्या सिनेमानं मला खरी अडचणीत टाकलं त्याच्याकडं येते. ‘शॉर्ट सर्किट’, १९८६. वीज पडून शुद्धीवर आलेला, जगायचं म्हणणारा रोबो नंबर ५. तो बनवणाऱ्यांत बेन नावाचा एक भारतीय तंत्रज्ञ आहे. इंग्रजी म्हणींची मोडतोड करणारा, सगळ्यांना हसवणारा. १९८८ च्या दुसऱ्या भागात तर तोच नायक. प्रेमात पडतो, मार खातो, जिंकतो, आणि शेवटी तो आणि त्याचा रोबो दोघंही अमेरिकेचे नागरिक होतात. त्या काळात हॉलिवूडच्या कुटुंबानं मिळून बघायच्या सिनेमात भारतीय नायक! तिकडं वाढणाऱ्या भारतीय पोरांना किती आनंद झाला असेल. विनोदी कलाकार अझीझ अन्सारी अशांतलाच एक. त्यानं २०१५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिलं की लहानपणी आपल्यासारखा दिसणारा नायक म्हणून हा सिनेमा केवढा लाडका होता, आणि कॉलेजात गेल्यावर कळलं की बेनचं काम करणारा फिशर स्टीव्हन्स हा गोरा नट होता, तोंडाला तपकिरी रंग लावलेला. म्हणजे नायक भारतीय खरा, पण त्याच्या जागी भारतीय कुणी उभाच नव्हता.

यावर मी तावातावानं बोलत होते तर मामानं मला तिथंच अडवलं. मामा शाळेच्या गॅदरिंगात नऊवारी नेसून शारदा झालेला माणूस. म्हणाला, “सांगलीत बसून हे बोलू नको. अख्खं गाव सोंगावर उभंय आपलं.” आणि ते खोटं नाही. भाव्यांच्या खेळात राजापार्टी, राक्षसपार्टी, स्त्रीपार्टी, सगळे बाप्येच. सीता बाप्या, शूर्पणखा बाप्या. आमच्याच जिल्ह्यातल्या नागठाण्याचे बालगंधर्व शालू नेसून उभे राहिले तर घराघरातल्या बायका त्यांच्यासारखा आंबाडा आणि पदर घ्यायला लागल्या. फाळक्यांना १९१३ साली तारामती करायला बाई मिळेना, म्हणून हॉटेलात स्वयंपाकी असलेल्या अण्णा साळुंक्यांना लुगडं नेसवलं. चार वर्षांनी ‘लंकादहन’मध्ये साळुंके राम आणि सीता दोन्ही झाले. स्वतःच स्वतःला पळवून नेलं नाही एवढंच. मग फिशर स्टीव्हन्सनं चार बोटं रंग लावला तर काय बिघडलं, हा मामाचा सवाल.

मी त्यावर पुष्कळ दिवस घोळत राहिले आणि आता माझं मत ठरलंय. बालगंधर्वांच्या पदराला कुणी हसलं नाही. प्रेक्षक त्या रूपावर भाळायला यायचा. बेनचा तपकिरी रंग मात्र हशाची तयारी म्हणून लावलेला, रंग दिसला आणि उच्चार ऐकू आला की अर्धा विनोद आयता. हा एक फरक. आणि दुसरा मामाच्या बाजूनं नाही, आमच्या दोघांच्याही विरुद्ध जाणारा: स्त्रीपार्टी कितीही देखणी असली तरी ज्या काळात ती गाजली त्याच काळात गाण्यानाचण्याची बुद्धी असलेल्या बाईला त्या मंचावर पाऊल ठेवायची सोय नव्हती. मिरजेत जन्मलेल्या हिराबाई बरोडेकरांसारख्या गायिका पुढं स्वतः नायिका म्हणून उभ्या राहिल्या तेव्हा लोकांना कळलं की इतके दिवस आपण कशाला मुकलो. म्हणजे सोंग चांगलं की वाईट हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा. विंगेत कोण ताटकळत ठेवलंय, ते आधी बघायचं. मामाला हे अर्धं पटलं. अर्धं पटलं की तो चहा मागतो, त्यावरनं ओळखायचं.

विंगेतल्या माणसांवरनं थोडं विषयांतर. स्पीलबर्गच्या १९८२ च्या ‘ई.टी.’मध्ये त्या परग्रहवासीयाचं यंत्र होतं, पण चालण्याच्या काही प्रसंगांत पोशाखाच्या आत माणसं होती. टॅमारा डी ट्रो आणि पॅट बिलन हे दोघे कमी उंचीचे कलाकार, आणि मॅथ्यू डेमेरिट हा जन्मतः पाय नसलेला मुलगा, जो हातांवर चालायचा. आपल्या २००३ च्या ‘कोई मिल गया’मधल्या जादूच्या निळ्या कातड्याच्या आत इंद्रवदन पुरोहित होते. त्या दिवाळीत जादूची मातीची चित्रं किल्ल्यावर मावळ्यांच्या शेजारी उभी होती, मी स्वतः बघितलीत. पुरोहितांचं नाव किती पोरांना माहीत होतं? त्याच सिनेमात मतिमंद म्हणून चिडवल्या जाणाऱ्या रोहितला जादू बरा करतो, चष्मा उतरतो, बास्केटबॉल जिंकतो. आमच्या शेजारच्या काकूंचा मुलगा रोहितसारखाच होता. ती माऊली थिएटरातनं बाहेर आल्यावर एवढंच म्हणाली की बरा न होता त्याला खेळात घेतलं असतं तर जास्त आवडलं असतं. त्यावर मी काही वेगळं बोलावं असं मला वाटत नाही.

‘तेव्हाचा काळच तसा होता’ हे उत्तर या सगळ्यावर हमखास येतं. काळ तसा होता हे खरं, पण सगळ्यांसाठी तसा नव्हता. ज्या १९८७ साली आपल्याकडं ‘मिस्टर इंडिया’ आला त्याच साली अमेरिकेत ‘बॅटरीज नॉट इन्क्लुडेड’ आला. न्यूयॉर्कमधली पाडायला काढलेली चाळ, बिल्डरचे गुंड, आणि मदतीला धावणाऱ्या टीचभर उडत्या तबकड्या. चाळ सोडायला तयार नसलेल्यांत एक म्हातारं जोडपं आहे, एक गरोदर लॅटिन तरुणी आहे, आणि एक काळा निवृत्त मुष्टियोद्धा, जो फारसा बोलत नाही, बोललाच तर टीव्हीच्या जाहिरातीतली वाक्यं बोलतो. फार थोर सिनेमा नाही. गोड गोड आहे, मधे रेंगाळतो. पण त्या चाळीत कोण राहत असेल याचा लिहिणाऱ्यांनी विचार केलाय आणि त्यानं विनोद काही कमी झाला नाही. म्हणजे १९८७ मध्ये जमत होतं. २००१ मध्ये रॉबर्ट रॉड्रिग्जनं ‘स्पाय किड्स’मध्ये कोर्टेझ आडनावाचं लॅटिन घर घेतलं, पोरांच्या हातात सगळी गॅजेटं दिली आणि त्यांच्या वंशाबद्दल प्रवचन दिलं नाही. मला हीच तऱ्हा सगळ्यांत पसंत आहे.

आडनावावरनं मात्र आपल्याकडं थांबायला लागतं. १९९९ च्या ‘गॅलक्सी क्वेस्ट’मध्ये एक नट सारखा रडत असतो की माझ्या पात्राला आडनाव नाही, म्हणजे पहिल्यांदा मीच मरणार. आपल्याकडं उलटं. आडनाव कळलं की प्रयोगशाळेत कोण आणि प्रयोगशाळेबाहेर स्टुलावर कोण ते लगेच ठरतं. हिंदी सिनेमात हवालदार आणि कामवाली बाई मराठी, त्यावर आपण चिडतो आणि बरोबरच चिडतो. पण मराठीतल्या मी वाचलेल्या विज्ञानकथांतले शास्त्रज्ञ बहुतेक पुण्यामुंबईचे, भाषा घोटीव, आणि बंगल्यावर चहा आणून देणारा गडी मात्र हमखास आमच्या बाजूचं बोलणारा. एक गंमत म्हणून सांगते. जयंत नारळीकर मूळचे कोल्हापूरचे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी पहिली विज्ञानकथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून घेतलेलं नाव, परीक्षकांवर दडपण नको म्हणून. पहिलं बक्षीस जगतापांना मिळालं. पन्नास वर्षांपूर्वी एका जगतापाची ‘कृष्णविवर’ परीक्षकांनी बिनतक्रार पहिली काढली, हे मला नारळीकरांच्या मोठेपणाइतकंच आवडतं.

भाचीच्या कॉलेजची पोरं यंदा स्पर्धेसाठी विज्ञानविनोदी एकांकिका करतायत. तासगाव बाजूचा द्राक्षबागायतदार, कर्जात बुडालेला, बाहेरनं एक रोबो मागवतो. थिनिंग म्हणजे मण्यांची विरळणी, डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, फवारणी, सगळं करणारा. रोबो येतो, पण त्याच्यात पुस्तकी मराठी भरलेली. मालकानं “ए, हिकडं ये” म्हटलं की तो म्हणतो, “कृपया आज्ञा प्रमाण भाषेत द्यावी.” शेवटी गावात मोटारी रिवाइंडिंग करून देणारी एक बाई त्याचं पोट उघडून त्याला ताळ्यावर आणते. शास्त्रज्ञ म्हणाल तर तीच.

तालीम बघायला गेले तेव्हा पहिल्या खर्ड्यात बागेत काम करणाऱ्या बायकांची एक टोळी होती. त्या नुसत्या यायच्या, रोबोला बघून पदर तोंडात धरून खिदळायच्या आणि जायच्या. हशा पक्का. प्रकाशयोजना बघणारा एक पोरगा कोपऱ्यात वायर गुंडाळत बसला होता. तो सगळ्यांसमोर, मान वर न करता म्हणाला, “माझी आई जाती टोळीत. आसं खिदळत नसत्यात त्या. उक्त्यावर घेतल्याली आसती बाग, टाइम कुठाय?” कुणीच काही बोललं नाही. दिग्दर्शन करणारी पोरगी माझ्या भाचीकडं बघायला लागली, भाची वहीकडं. मग तिनं त्यालाच विचारलं, रोबो बागेत उतरला तर तुझी आई काय करेल? पोरगा म्हणाला, “आधी दर इचारंल. त्यो एकराला काय घेतोय, आन घड मोडला तर कोण भरून देतंय.”

तो प्रवेश त्या रात्रीच बदलला. आता टोळीची मुकादम आणि रोबो यांच्यात दराची घासाघीस आहे आणि तो एकांकिकेतला सगळ्यांत लांब, सगळ्यांत धमाल प्रवेश आहे. मुकादमीण त्याला घडांचे मणी मोजायला लावते, त्याची बॅटरी उतरेपर्यंत तिच्या बायकांची एक ओळ संपलेली असते. लिहिलाय त्या वायरवाल्यानं. नाव फक्त प्रकाशयोजनेत होतं, ते आता लेखनातही टाकलंय. त्यासाठी मुलं आपापसात भांडली थोडी, पण टाकलं.

पहिल्या फेरीत एका परीक्षकांनी शेरा दिला की विषय विज्ञानाचा असताना भाषा ग्रामीण ठेवल्यामुळे गांभीर्य हरवलं. पोरांनी तो शेरा मोबाइलवर एकमेकांना पाठवून पाठवून पार झिजवला. दुसऱ्या फेरीसाठी त्यांनी भाषा होती तशीच ठेवली, एक वाक्य मात्र वाढवलं. रोबो मोटारवाल्या बाईला म्हणतो, “आपले उच्चार अशुद्ध आहेत.” ती पान्हा न थांबवता म्हणते, “आसू द्यात की. चालू झालास न्हवं?”

दुसरी फेरी परवा झाली. त्या वाक्याला शिट्ट्या पडल्या, असं भाची सांगते. निकाल रविवारी आहे.